जुना लॅपटॉप घ्यायचाय? आधी पाऊण तास त्याच्यासमोर बसा

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला सुरुवात होते. मावशीचा मुलगा, ऑफिसातल्या मित्राची बहीण, सोसायटीतले काका, प्रश्न सगळ्यांचा एकच, "अरे पंचवीस हजारात लॅपटॉप कुठला घेऊ?" आणि माझं उत्तरही गेली काही वर्षं एकच आहे, पंचवीस हजारात नवीन घेऊ नकोस, जुना घे पण नीट बघून घे. नवीन जो मिळतो त्यात बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीचा प्रोसेसर असतो, रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आतल्या मुख्य बोर्डालाच चिकटवलेली म्हणजे वाढवायची सोय नाही, आणि बॉडी अशी की एका कोपऱ्यात धरून उचलला तर कुरकुर आवाज येतो. तेवढ्याच पैशात कुठल्यातरी कंपनीत चार-पाच वर्षं वापरलेला, नवीन असताना याच्या तिप्पट-चौपट किमतीचा लॅपटॉप येतो आणि तो आरामात अजून चार वर्षं काढतो.

आता "नीट बघून घे" म्हणजे काय, तेच खाली लिहितोय, कारण दरवेळी फोनवर सांगून सांगून घसा बसतो.

कुठला बघायचा

लॅपटॉपमध्ये दोन जाती असतात. एक घरगुती, जी शोरूममध्ये आणि सेलमध्ये दिसते, आयडियापॅड, इन्स्पिरॉन, पॅव्हेलियन वगैरे. दुसरी ऑफिसची, लेनोवोच्या थिंकपॅडची टी सिरीज, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. या दुसऱ्या जातीचे लॅपटॉप कंपन्या शेकड्याने घेतात, बऱ्याचदा तीन-चार वर्षांच्या लीजवर, आणि मुदत संपली की अख्खा लॉट बाहेर पडतो. हिंजवडी, ऐरोली, बीकेसी, बंगलोर, सगळीकडून असे लॉट निघतात, शिवाय बाहेरच्या देशांतूनही येतात, आणि डीलरकडून फिरत फिरत दुकानात पोचतात. म्हणूनच एकाच मॉडेलचे वीस-वीस पीस एका दुकानात थप्पी लावून ठेवलेले दिसतात, चोरीचे असतील म्हणून लगेच घाबरू नका.

मी ऑफिसवालेच घ्या असं का सांगतो, तर खालचं झाकण चार-सहा स्क्रू काढले की उघडतं, बॅटरी, एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क), कीबोर्ड, फॅन सगळं सुटं मिळतं, कंपनीच्या साइटवर उघडझाप कशी करायची त्याचं मॅन्युअल फुकट असतं आणि हिंज, म्हणजे स्क्रीनच्या बिजागऱ्या, धातूचे असतात. घरगुती लॅपटॉपचा जीव त्या हिंजमध्येच जातो, स्क्रीन उघडताना एक दिवस कट् आवाज येतो आणि संपलं.

मॉडेलची नावं हवी असतील तर सध्याच्या बजेटमध्ये थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० किंवा ५४९०, एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ची मंडळी. थोडे पैसे जास्त असतील तर टी४९०, लॅटिट्यूड ५४००, एलिटबुक ८४० जी६. टी४८०ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, टी४९०मध्ये अर्धी रॅम बोर्डावर सोल्डर असते आणि स्लॉट एकच, आणि थिंकपॅड एक्स१ कार्बन दिसायला कितीही देखणा असला तरी त्यात रॅम पूर्ण सोल्डर, म्हणजे ८ जीबीवाला घेतला तर जन्मभर ८ जीबी. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

आता २०१८च का? इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात आय३, आय५, आय७ याच्यापुढे जो आकडा असतो तो वाचायला शिका. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. सातव्या पिढीपर्यंत या बारीक लॅपटॉपमधल्या आय५ला दोनच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) असायचे, आठवीपासून चार झाले, आणि वरची २०१८ची मंडळी बहुतेक याच पिढीची. आणि गंमत म्हणजे सातव्या पिढीचा आय७-७५००यू, त्यालाही दोनच कोअर. तर "आय७ आहे साहेब, आय७" असं कोणी छाती फुगवून सांगत असेल तर पुढचा आकडा विचारा, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा निघायची शक्यता भरपूर. आठव्या पिढीचा आय५ त्याला सहज मागे टाकतो.

दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी केली त्यात इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, सातवीचे जवळपास सगळे बाहेर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप दुकानांत भरपूर पडलेत, स्वस्तही आहेत. आणि दुकानदार त्यावर विंडोज ११ टाकूनही देतो, चेकिंग बायपास करून टाकता येतं, सुरूही होतं, पण पुढे एखादा मोठा अपडेट अडकला तर मायक्रोसॉफ्ट म्हणणार आम्ही कुठे म्हणालो होतो टाक म्हणून. म्हणजे स्क्रीनवर विंडोज ११ दिसतंय हा पुरावाच नाही, प्रोसेसर बघायचा. हां, तुम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम वगैरे वापरणार असाल तर सातव्या पिढीचा स्वस्तात उचला, आमच्या बाबांना मी तसलाच दिलाय, यूट्यूब, बँकेची साइट आणि पत्त्यांचा गेम यासाठी उत्तम चालतोय.

एएमडीचे रायझनवालेही चांगले असतात पण त्यांचे आकडे फसवे आहेत, ५५००यू आणि ५६००यू शेजारी शेजारी वाटतात पण ५५००यू आतून एक पिढी जुना. नाव गूगल करूनच ठरवा.

रॅम १६ जीबी बघा. पूर्वी मी म्हणायचो की ८वाला घे आणि नंतर दुसरी स्टिक टाक, पण २०२५च्या शेवटी रॅमचे भाव जे चढले त्यानंतर हे गणित बिघडलं, आता आतच १६ असलेला पीस मिळाला तर तोच परवडतो. एसएसडी २५६ची असली तरी चालेल, ती बदलणं सोपं. नुसती हार्डडिस्क असलेला मात्र नको.

स्क्रीनचं रिझोल्यूशन विचारायचं विसरू नका, कारण एकच मॉडेल दोन-तीन स्क्रीनमध्ये यायचं, कंपन्या पैसे वाचवायला सगळ्यात स्वस्त घ्यायच्या, आणि मग दिसायला सारखेच दोन टी४८० पण एकाची स्क्रीन १९२०×१०८० आणि दुसऱ्याची १३६६×७६८, बाजूने बघितलं की रंग फिके पडणारी. दिवसभर त्याच्याकडेच बघायचंय, इथे तडजोड करू नका.

मॅकबुकबद्दल पण विचारतात म्हणून थोडक्यात: इंटेलवाला मॅकबुक आता घेऊ नका, मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असं ॲपलनेच जाहीर केलंय, शिवाय २०१६ ते २०१९च्या बहुतेक मॅकबुक प्रोमध्ये तो की अडकणारा, कुप्रसिद्ध बटरफ्लाय कीबोर्ड. घ्यायचाच तर २०२०च्या नोव्हेंबरात आलेला एम१ एअर किंवा त्यापुढचा, आणि जुन्या मालकाने तुमच्यासमोर आयक्लाउडमधून साइन आउट करून, सगळं पुसून, पहिल्यापासून सेटअप सुरू करून दाखवला तरच. वापरलेला गेमिंग लॅपटॉप मी कोणालाच सुचवत नाही, तीन वर्षं भट्टीत तापलेलं भांडं ते.

कुठून आणि कोणाकडून

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालत. एका दुकानात आवडला तरी लगेच घेऊ नका, तीन दुकानं फिरा, त्याच मॉडेलचा भाव दोन-तीन हजारांनी हलतो. पुण्यात माल विखुरलेला आहे, पण चार्जर, केबल, सुटे पार्ट यांच्यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. छोट्या गावात असाल तर कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला विचारा, तो लॉटमधून मागवून देतो, आणि गावातलाच असल्यामुळे बिघडला तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं, ही मोठी वॉरंटी.

दुकानात एक ते सहा महिन्यांची टेस्टिंग वॉरंटी मिळते. त्यात बॅटरी, स्क्रीन, चार्जर बहुतेक वेळा धरत नाहीत, म्हणजे उरला फक्त बोर्ड. जे काय आहे ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि बिलावर सीरियल नंबर हवाच. बिलच देत नाही म्हणाला तर बाहेर पडा, कारण उद्या तो लॅपटॉप चोरीचा निघाला तर चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे आणि आपल्याला माहीत नव्हतं हे सांगायला हातात कागद लागतो.

ऑनलाइन जाहिरात बघून थेट माणसाकडून घेत असाल तर स्वस्त पडतो, पण वॉरंटी शून्य. अशा माणसाला मूळ बिल मागा, का विकतोय विचारा, आणि शक्यतो त्याच्या घरी किंवा एखाद्या कॅफेत, जिथे प्लग पॉइंट आणि बसायला जागा आहे तिथे भेटा. लॅपटॉप बघायच्या आधी एक रुपयाही पाठवायचा नाही. "मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, कुरियरने पाठवतो, टोकन टाका" हे नाटक जुनं झालं तरी अजून लोक फसतात. तुमचा जुना लॅपटॉप विकताना उलटं होतं, घेणारा म्हणतो मी क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. झालंच असं काही तर ताबडतोब १९३०ला फोन, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच मिनिटाला.

निघायच्या आधी फोनवर

खालच्या स्टिकरचा फोटो मागवा. डेलवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, लेनोवो आणि एचपीवर सीरियल नंबर. तो कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपली ते कळतं, म्हणजे लॅपटॉपचं खरं वय. डेलच्या साइटवर तर कारखान्यातून निघताना आत काय काय होतं त्याची यादीच दिसते, त्यामुळे "ओरिजिनल फुल एचडी आहे" म्हणणाऱ्याची परीक्षा घरबसल्या होते. फोटो पाठवायला टाळाटाळ करतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, तिकडे जायचे श्रम वाचले.

बरोबर न्यायचं सामान: दोन पेनड्राइव्ह (एकात लिनक्स मिंट बूटेबल करून, म्हणजे लॅपटॉप थेट त्यावरून सुरू होईल असा, एक साधा), माइकवाला इअरफोन, मोबाइलचा हॉटस्पॉट, एक टाइप-सी चार्जर असेल तर तो. दिवसा जा. रात्री पावणेनऊला शटर अर्धं ओढलेल्या दुकानात कोणी पाऊण तास बसू देत नाही. आणि बसू द्यायला हवंच, हीच माझी एक अट असते, दुकान मोठं असो की छोटं, माणूस ओळखीचा असो की नसो. बसू देत नाही म्हणजे व्यवहार नाही.

आता तो पाऊण तास

लॅपटॉप बंद अवस्थेत मागा. आधीच चालू करून, गरम करून ठेवलेला असेल तर पूर्ण शटडाउन करायला सांगा.

पहिली पाच मिनिटं हात लावून बघण्याची. टेबलावर ठेवा, डगमगतोय का? टचपॅड एका बाजूने वर आलाय, झाकण पूर्ण बसत नाही, पोट फुगल्यासारखं दिसतंय, यातलं एकही असेल तर आतली बॅटरी फुगलीय, ती धोकादायक असते, तो पीस बाजूला. झाकणावर रंगीत स्किन चिकटवलेली असेल तर कोपरा उचलून बघा, आत पोचे असतात, वरून कीर्तन आतून तमाशा. खालच्या स्क्रूंची डोकी झिजलेली म्हणजे बऱ्याचदा उघडलाय, त्यात वाईट काही नाही पण का उघडला विचारा. मोबाइलची टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा, हिरवट-पांढरट गंज दिसला तर पाणी किंवा चहा गेलेला आहे. त्याला कितीही स्वस्तात दिला तरी हात लावू नका, आज चालेल आणि पावसाळ्यात मरेल. स्क्रीन सावकाश उघडबंद करा, ९० अंशात सोडल्यावर आपोआप पडायला नको.

मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. पॉवर बटण दाबल्यावर डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ टपटप दाबत राहायचं. पासवर्ड मागितला तर विषय संपला, "नंतर काढून देतो" यावर विश्वास नाही, थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड काढणं म्हणजे बोर्डाशीच खेळ. आत गेलात तर तिथे दिसणारा सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळवा. नाही जुळला तर बोर्ड किंवा खालचं झाकण दुसऱ्याचं आहे. सिक्युरिटीच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस असं काही ॲक्टिव्हेटेड दिसलं तर तेही नको, ते कंपनीने माग काढायला टाकलेलं असतं. डेलमध्ये बॅटरीची तब्येत पण इथेच लिहिलेली असते, एक्सलंट, गुड, फेअर, पूअर.

यानंतरची गोष्ट मी पैसे मोजून शिकलोय. एका दुकानातून चुलतभावासाठी लॅपटॉप घेतला, चकाचक, सगळं तपासलं, चार महिने मस्त चालला. मग त्याने एकदा विंडोज रीसेट मारलं आणि सेटअपमध्ये वायफाय जोडल्याबरोबर स्क्रीनवर एका भलत्याच कंपनीचं नाव आणि "तुमच्या ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा". पुन्हा विंडोज टाकलं, परत तेच. कारण कंपनीने तो लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपन्यांनी आपले लॅपटॉप दुरून सांभाळायच्या सोयीत, नोंदवलेला होता, ती नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टकडे त्या मशीनच्या हार्डवेअरच्या नावाने असते, आणि लॅपटॉप विकताना कंपनीच्या आयटीवाल्याने ती काढली नव्हती. दुकानदाराने इंटरनेट न जोडता लोकल अकाउंट बनवून दिलं होतं म्हणून चार महिने कळलंच नाही. काढू फक्त ती कंपनीच शकते, आणि ती कंपनी आपला फोन कशाला उचलेल. दुकानदार म्हणाला वॉरंटी संपली. गेले पैसे.

तर आता मी काय करतो, दुकानात बसल्या बसल्या विंडोज रीसेट करायला लावतो किंवा नवीन टाकायला लावतो, आणि सेटअपमध्ये माझा हॉटस्पॉट जोडतो. नेहमीची वैयक्तिक की ऑफिस अशी निवड आली तर ठीक, कंपनीचं नाव आलं तर नमस्कार. याला वीस-पंचवीस मिनिटं जातात, दुकानदार कंटाळतो, चहा मागवा. दोन पीस आवडले असतील तर एकाचं रीसेट चालू असताना दुसरा तपासा. रीसेट चालू असतानाचा वेळ वायाही जात नाही, कुठे गरम होतोय, फॅन कसा वाजतोय ते समजतं, घर्रघर्र किंवा टिकटिक असा आवाज नको, नुसता वारा असावा.

विंडोज सुरू झालं की बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून पॉवरसीएफजी असं जोडून लिहा, मग स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट जोडून (powercfg /batteryreport). एक फाइल बनते, ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ६०,००० आणि दुसरा ३९,००० असेल तर बॅटरी ६५ टक्के उरलीय. टी४८०मध्ये एक बॅटरी आत आणि एक मागे लावायची असते, दोन्ही वेगळ्या दिसतील, दोन्ही बघा. ७०च्या वर असेल तर छान, ५०-६० असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. आणि १०० टक्के दिसली, सायकल काउंट (किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली) शून्य, तर खूश होऊ नका, ती बहुतेक आत्ताच टाकलेली डुप्लिकेट असते आणि तिचा आकडा खोटा असू शकतो. चार्जर काढा, ब्राइटनेस पूर्ण, यूट्यूबवर व्हिडिओ, पंधरा मिनिटांत किती टक्के उतरली ते घड्याळ लावून बघा. चार-सहा टक्के गेली तर ठीक आहे, पंधरा गेली किंवा ४०वरून एकदम बंद पडला तर बॅटरी कचऱ्यात.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट ॲप आहे, साध्या पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. हेल्थचा टक्का आणि किती तास चालली ते दिसतं. पाच वर्षांचा लॅपटॉप आणि डिस्क चालली फक्त तीन तास, म्हणजे जुनी चांगली काढून स्वस्तातली कुठलीतरी टाकलीय. ब्रँड वाचा, अनोळखी असेल तर तिच्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट ठेवायचा नाही.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा, तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि किती स्लॉट वापरलेत ते एका जागी दिसतं. तिथेच प्रोसेसरचा स्पीड बघत राहा. चार-पाच टॅबमध्ये मोठे व्हिडिओ लावा आणि दहा मिनिटं सोडून द्या. स्पीड दोन-तीन गिगाहर्ट्झच्या आसपास वरखाली होत राहिला पाहिजे. तो ०.८ला जाऊन तिथेच चिकटला तर एकतर खूप तापतोय किंवा चार्जर गडबड आहे. डेलमध्ये हे हमखास होतं, त्यांचा लॅपटॉप चार्जर ओळखतो, डुप्लिकेट लावला तर सुरू होताना इशारा दाखवतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि मुद्दाम हळू चालतो. चांगला लॅपटॉप लोक या एका कारणाने रद्दीत विकतात.

मग पटापट. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एफ१ ते एफ१२, डिलीट, ॲरो, नोटपॅडमध्ये जी उमटत नाही तिच्यासाठी कीबोर्ड टेस्टरची कुठलीही साइट. बाहेरून आलेल्या लॉटमध्ये ३च्या कीवर पाउंडचं चिन्ह असलेला ब्रिटिश कीबोर्ड असतो, एंटर उभा आणि हॅश भलत्याच जागी, सवय होते पण किंमत कमी करायला चांगला मुद्दा. स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पानभर रंग आणून डाग, रेषा, कोपऱ्यातला पिवळटपणा बघा. सगळ्या यूएसबीत पेनड्राइव्ह, इअरफोन, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर. वायफाय जोडून उठा आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन बघा तुटतंय का. टाइप-सी पोर्टला चार्जिंग होतंय का ते नक्की बघा, २०१७-१९ च्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या, म्हणजे या पोर्टमागच्या चिपच्या, फर्मवेअरमधल्या (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे हा पोर्ट कायमचा जायचा, लेनोवोने नंतर अपडेट काढला पण ज्यांनी तो टाकला नाही त्यांचे गेले.

विंडोज खरं आहे का यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर (slmgr /xpr). कायमचं ॲक्टिव्हेटेड असं आलं तर उत्तम. एखादी तारीख आली तर लायसन्स या मशीनचं स्वतःचं नाही, कंपनीच्या सर्व्हरचं किंवा जुगाड आहे. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये मूळ विंडोजची की बहुतेक वेळा बोर्डातच असते, स्वच्छ विंडोज टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, म्हणून हे फार मोठं नाही.

सगळ्यात शेवटी बंद करून कंपनीची स्वतःची तपासणी चालवा, डेलला सुरू होताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स, एचपीला एफ२. ती फॅन, रॅम, डिस्क स्वतःच तपासते. आणि वेळ असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करा. विंडोजमध्ये वायफाय किंवा आवाज चालत नसेल आणि इथे चालला तर तो पार्ट ठीक आहे, ड्रायव्हरचा (तो पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ आहे.

भाव करताना

"एवढं जुनं आणि एवढे पैसे?" असं म्हणायचं नाही, तो दिवसात चाळीस वेळा ऐकतो. कागदावर लिहा: बॅटरी बदलायचीय इतके, चार्जर ओरिजिनल नाही इतके, कीबोर्ड ब्रिटिश आहे. मग तुमचा आकडा सांगा आणि गप्प बसा. भाव उतरत नसेल तर वस्तू मागा, ओरिजिनल चार्जर, दुसऱ्या पीसमधली चांगली बॅटरी, एसएसडी ५१२ची. दुकानदाराला पैसे सोडण्यापेक्षा पार्ट सोडणं सोपं जातं. मागच्या जूनमध्ये भाचीसाठी घेतला तेव्हा आम्ही असंच चार पीसमधून एकाची स्क्रीन, दुसऱ्याची बॅटरी असं जुळवून घेतलं, ती म्हणाली मामा हे म्हणजे वधूवर सूचक मंडळ झालं. पैसे यूपीआयने किंवा कार्डने, बिलाच्या नावावरच्याच खात्यात.

घरी आल्यावर

त्याच रात्री बिलाचा आणि खालच्या स्टिकरचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. दुकानात फक्त रीसेट झालं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन डिस्क पूर्ण पुसून नवीन विंडोज टाका, दुकानदाराने टाकलेलं फुकटचं ऑफिस आणि अँटीव्हायरस त्याबरोबर जातं. मग कंपनीच्या साइटवरून बायॉस आणि फर्मवेअर अपडेट, थिंकपॅड असेल तर तो थंडरबोल्टवाला सगळ्यात आधी. अपडेट चालू असताना चार्जर लावलेला हवा आणि घरातल्या कोणी मेन स्विच पाडायला नको.

दिवसभर प्लगला लावूनच काम करणार असाल तर लेनोवो, डेल, एचपी तिघांच्याही सेटिंगमध्ये चार्जिंग ८०च्या आसपास थांबवायची सोय आहे, ती लावा. पहिल्या महिन्यात एकदा रिपेअरवाल्याकडून उघडून फॅन साफ आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या, पण आधी बिलावर बघा की उघडल्यावर वॉरंटी जाते असं तर लिहिलं नाही ना, तसं असेल तर त्याच दुकानात करून घ्या. आणि टेस्टिंग वॉरंटी संपायच्या आठवडाभर आधीचा अलार्म फोनमध्ये लावा, त्या दिवशी पुन्हा एकदा बॅटरी रिपोर्ट, सगळे पोर्ट, सगळ्या की.